काडी मोडली, कागद केला. पण फारकत झाली का?



आज आपण एका कागदाची गोष्ट ऐकणार आहोत. गोष्ट दोनशे वर्षांची आहे, पण आमच्यापर्यंत ती आली गटातल्या एका ताईंच्या पिशवीतून.

ताई बचतीचा हप्ता भरायला आल्या होत्या. बाकीच्या जणी उठून गेल्यावर त्यांनी पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर. त्यावर लिहिले होते, की आम्ही राजीखुशीने फारकत घेत आहोत, यापुढे एकमेकांवर हक्क नाही, बाई पोटगी मागणार नाही. खाली नवऱ्याची सही, ताईंचा अंगठा, दोन्हीकडच्या चार पंचांच्या सह्या आणि नोटरीचा गोल शिक्का. कागद बारा वर्षांपूर्वीचा. त्यानंतर ताईंनी दुसरे लग्न केले, दोन मुले झाली. मागच्या वर्षी दुसरे यजमान वारले. पेन्शनच्या कामाला गेल्या, तर साहेबांनी विचारले, "पहिल्या नवऱ्यापासून घटस्फोट झाल्याचा कोर्टाचा हुकूम कुठे आहे?" ताईंनी हा कागद पुढे केला. साहेबांनी तो तसाच परत दिला.

"मग इतकी वर्षं मी कुणाची बायको होते?" ताईंनी आम्हाला विचारले.

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. वकीलबाईंकडे गेलो, जुनी पुस्तके चाळली. तेव्हा कळले, की या प्रश्नाचे मूळ फार मागे आहे.

पंचांसमोरची काडी

आपल्याला वाटते, पूर्वी बाईला नवरा सोडता येतच नव्हता. हे सगळ्यांच्या बाबतीत खरे नाही. ब्राह्मण आणि तशाच काही जातींत लग्न म्हणजे जन्माची गाठ होती, विधवेलाही दुसरे लग्न नव्हते. पण शेती करणाऱ्या, कारागिरी करणाऱ्या, मजुरी करणाऱ्या कितीतरी जातींत काडीमोड होती आणि पाटही होता. नवराबायकोचे जमेनासे झाले की जातीचे पंच बसायचे. दोन्ही बाजू ऐकायचे, दागिने आणि लग्नाचा खर्च यांचा हिशेब व्हायचा. मग सगळ्यांसमोर गवताची काडी मोडायची. काडी मोडली, संबंध मोडला. कुठे त्यासोबत सोडचिठ्ठी लिहून द्यायचे. त्यानंतर बाई पाट लावू शकत असे.

इंग्रजांचे राज्य नवे होते तेव्हा मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी दख्खनेतल्या जातीजातींच्या चालीरीती लिहून काढायला लावल्या. आर्थर स्टील या अधिकाऱ्याने ते काम केले, आणि १८२७ साली त्याचे पुस्तक निघाले. पाटाची आणि सोडचिठ्ठीची चाल त्यात नोंदलेली आहे.

पण या चालीला आपण सोन्याचा मुलामा देऊ नये. पंच सगळे पुरुष. नवऱ्याने नाही म्हटले तर पुष्कळदा बाई अडकून पडायची. पाटाच्या बाईला लग्नाच्या बायकोइतका मान नव्हता. दंडही व्हायचा. तरीपण एक गोष्ट होती. पंचांनी काडी मोडली की साऱ्या गावाला ते मान्य असे. "तू कुणाची बायको?" असे नंतर तिला कुणी विचारत नसे.

कोर्टाने दार लावले

मग कोर्टे आली. १८६० साली भारतीय दंड संहिता झाली. तिच्या ४९४ कलमाने, नवरा किंवा बायको हयात असताना जे लग्न कायद्याने रद्द ठरते, ते करणे हा गुन्हा झाला. शिक्षा सात वर्षांपर्यंत. हिंदू पुरुषाला त्या काळी अनेक बायका करायची कायद्याने मोकळीक होती. म्हणजे हिंदूंच्या घरात हे कलम लागू पडले ते बाईला.

ज्या बायांनी जातीच्या परवानगीने दुसरा घरोबा केला होता, त्यांच्यावर खटले झाले. १८६४ साली मुंबई हायकोर्टाने सांगितले, की पहिल्या नवऱ्याची संमती नसताना बाईने दुसरे लग्न करावे, ही जातीची चाल आम्ही मानत नाही. १८७६ साली तेच कोर्ट आणखी पुढे गेले. लग्न मोडल्याचे जाहीर करायचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी द्यायचा जातीचा अधिकारच कोर्ट मानत नाही, असे म्हणाले. "पंचांनी हो म्हटले, म्हणून मला वाटले लग्न कायदेशीर आहे," हा बचावसुद्धा चालणार नाही, असेही ठरले.

बायांनो, काय झाले ते बघा. पंचांच्या हातातली काडी कोर्टाने काढून घेतली, पण तिच्या जागी दुसरे काही दिले नाही. हिंदू बाईला कोर्टात जाऊन घटस्फोट मागायचा कायदा तेव्हा नव्हताच.

रखमाबाईंचे दोन हजार रुपये

याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. त्या सुतार समाजातल्या. त्यांच्या विधवा आईने डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न केले होते, कारण त्यांच्या समाजात ती चाल होती. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावले गेले, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. १८८४ साली दादाजींनी दावा लावला, की बायकोला माझ्या घरी पाठवा. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पुढे अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी हुकूम दिला, की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन.

शेवटी १८८८ साली तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये मिळाले आणि त्यांनी हुकूम बजावायचा सोडून दिला. रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर झाल्या, आणि सुरत, राजकोट इथल्या दवाखान्यांत त्यांनी आयुष्यभर बायकांची सेवा केली.

शाळेत आपल्याला गोष्ट इथपर्यंत सांगतात. आम्ही थांबलो ते त्या तडजोडीपाशी. दोन हजार देऊन रखमाबाईंना मोकळीक मिळाली, घटस्फोट मिळाला नाही. कारण तो द्यायचा कायदाच नव्हता. दादाजींनी दुसरे लग्न केले. रखमाबाईंनी केले नाही. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे वस्त्र घेतले, असे सांगतात. ज्याच्या घरी एक दिवस नांदल्या नाहीत, त्याचे कुंकू कायद्याच्या हिशेबी शेवटपर्यंत त्यांच्या कपाळी राहिले. आपल्या ताईंच्या स्टॅम्प पेपरची ही थोरली बहीणच म्हणा ना. बाहेरची तडजोड झाली, पण गाठ तशीच राहिली.

दार पुन्हा उघडले

हे दार उघडायला साठ-सत्तर वर्षे गेली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ च्या सुमारास आंतरजातीय लग्न, काडीमोड आणि बायकांचा छळ यांबाबत कायदे केले. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी घातली आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा केला. बाबासाहेब आंबेडकरांनी सबंध देशासाठी हिंदू कोड बिल आणले. ते अडवले गेले, म्हणून आणि इतर कारणांनी त्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. पण त्यातलाच एक भाग १९५५ साली हिंदू विवाह कायदा म्हणून मंजूर झाला. त्याच वर्षी रखमाबाई वारल्या. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे.

मुसलमान बायांसाठी १९३९ साली कायदा झाला आणि त्यांना कोर्टातून तलाक मागता येऊ लागला. पण नवऱ्याच्या तोंडी तलाकाचा प्रश्न राहिला. १९६६ साली हमीद दलवाई यांच्यासोबत सात मुसलमान बायांनी मुंबईत मोर्चा काढला. एका दमात तीन वेळा तलाक म्हणणे कायद्याने गुन्हा ठरायला २०१९ साल उजाडले.

१९५५ च्या कायद्यात २९ व्या कलमात एक ओळ आहे, आणि सगळा घोळ तिथे होतो. ज्या जातीत काडीमोडीची चाल आहे, तिथली काडीमोड हा कायदा रद्द करत नाही. लोकांनी याचा अर्थ लावला, की चार पंच आणि एक स्टॅम्प पेपर असला की झाले. तसे नाही. ही चाल आमच्या जातीत फार पूर्वीपासून, न तुटता चालत आली आहे आणि आमची काडीमोड तशीच झाली, हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावे लागते. ज्यांच्यात अशी चालच नाही, त्यांचा कागद म्हणजे रद्दी. नोटरीचा शिक्का फार तर सही कुणी केली ते सांगतो. लग्न मोडायचा अधिकार नोटरीला नाही. केंद्र सरकारच्या विधी खात्याने २०२४ साली नोटरींना तसे बजावलेही आहे. पेपर शंभराचा असो की पाचशेचा, त्याने फरक पडत नाही.

आज गावागावात चालतो तो हा कागद पंचांची सही घेतो आणि कोर्टासारखा शिक्का मिरवतो. जुन्या काडीमागे उभे राहणारे गाव त्याच्यामागे नाही, आणि कोर्टही नाही. नड लागते तेव्हा बाई एकटी उरते.

पोटगीचा वेगळा रस्ता

पुष्कळ जणी असा अंगठा का देतात? कारण "सही कर, मगच मुलं देतो," "सही कर, मगच भांडी देतो," असे म्हणतात. आणि कागदावर हमखास ओळ असते, पोटगी मागणार नाही.

पोटगीचा रस्ता घटस्फोटाहून वेगळा आहे. तो फौजदारी कायद्यात आहे आणि सर्व धर्मांच्या बायांना खुला आहे. पूर्वी ते कलम १२५ होते. १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात ते कलम १४४ झाले. नवरा नांदवत नसेल, तर घटस्फोट न घेताही पोटगी मागता येते. १९७३ च्या कायद्याने घटस्फोटित बाईलाही, ती पुन्हा लग्न करेपर्यंत, हा हक्क दिला. पूर्वी महिना पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. २००१ साली ती काढून टाकली. आणि हक्क लिहून सोडला तरी तो सुटत नाही, असे कोर्टांनी अनेकदा सांगितले आहे.

हे आयते मिळालेले नाही. १९८० नंतरच्या वर्षांत संगमनेरला आणि सांगली जिल्ह्यात टाकलेल्या बाया एकत्र आल्या. परित्यक्ता हा शब्द त्यांनी चारचौघांत उच्चारला. आमच्या नावाचे रेशन कार्ड द्या, अशी साधी मागणी होती. नवऱ्याचे नाव नाही म्हणून ज्यांची चूल सरकारच्या खात्यात दिसत नव्हती, त्या तहसीलवर मोर्चा घेऊन गेल्या. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने राहत्या घरातून बाईला हुसकता येणार नाही असे म्हटले, त्याच्या मागे अशा कितीतरी मोर्चांची पायपीट आहे.

हातात कागद असेल तर

आता कामाचे ऐकून घ्या. असा कागद असेल तर फाडू नका, जपून ठेवा. तो पुरावा म्हणून लागतो. दोघांची संमती असेल आणि वर्षभर वेगळे राहत असाल, तर संमतीने घटस्फोटाचा अर्ज कोर्टात करता येतो. १९७६ पासून ही सोय आहे. जातीत खरोखर चाल असेल, तर आमची काडीमोड खरी आहे असे कोर्टाकडून जाहीर करून घेता येते. दुसरे लग्न करायचे असेल, तर यातले एक आधी, हळद मागून. पंच दंड मागत असतील, वाळीत टाकायची भीती घालत असतील, तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, बाई असणे पुरते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज करायचा. फोन करायचा तर नंबर १५१००.

आपल्या ताईंचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्यांच्या दोन्ही मुलांचा वडिलांच्या मिळकतीवरचा हक्क शाबूत आहे. आईबापांचे लग्न कायद्यात बसले नाही, तरी कायदा पोरांना अनौरस म्हणत नाही. ताईंच्या स्वतःच्या हक्काचे प्रकरण कोर्टात आहे. त्यांच्या समाजात काडीमोडीची चाल होती, हे सांगायला माहेरच्या गावचे दोन म्हातारे तयार झाले आहेत. निकाल काय लागेल, ते आज सांगता येत नाही. पण तारखेला ताई एकट्या जात नाहीत, गटातली एक जण सोबत असते.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की वही लगेच मिटू नका. एकच प्रश्न विचारा, "कुणाच्या पेटीत असा कागद आहे का?" पहिल्यांदा कुणी बोलणार नाही. बाकीच्या जणी उठून गेल्यावर एखादी मागे थांबेल. तिच्यासाठी थोडा वेळ तुम्हीही थांबा.