केप्लरचा चंद्रलोक

चंद्रावर जाण्याच्या कथा फार जुन्या आहेत. ल्यूशियन या ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या लेखकानें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतच एक गलबत वावटळीच्या जोरावर तेथवर पोंचविलें. पण तेथें दिवस किती लांब असेल, आकाशांत काय दिसेल, याची त्याला फिकीर नव्हती. लोकांना हंसविलें म्हणजे त्याचें काम झालें. हे प्रश्न गणिताच्या शिस्तीनें विचारून त्यांच्या उत्तरांवर एक संबंध जग उभारलें तें जर्मन ज्योतिर्विद योहान्नेस केप्लर यानें.

१५९३ सालीं, ट्यूबिंगेनच्या विद्यापीठांत शिकत असतांना, चंद्रावरून पाहणाराला आकाशांतील घडामोडी कशा दिसतील या विषयावर त्यानें वादसभेसाठीं प्रबंध तयार केला होता. त्यांत कोपर्निकसचें मत डोकावत होतें. अध्यापकानें सभा भरूंच दिली नाहीं. पुढें १६०९ च्या सुमारास, प्राग येथें बादशहा दुसरा रूडॉल्फ याच्या पदरीं गणिती असतां, केप्लरनें तोच विषय कथेच्या वेषांत पुन्हां बाहेर काढला. लॅटिन भाषेंतील या लहानशा पुस्तकाचें नांव 'सोम्नियम', म्हणजे स्वप्न.

कथा साधीच आहे. आइसलंडमधील डुराकोटस नांवाचा तरुण. त्याची आई फिओल्क्सहिल्डे ही जडीबुटी विकते आणि भुताखेतांशीं बोलते. तिनें बोलावलेलें एक भूत चंद्राची हकीकत सांगतें. भुतांना ऊन सोसत नाहीं, म्हणून ग्रहणाच्या छायेंतून चार तासांच्या आंत चंद्र गांठावयाचा! भूत थट्टेचें खरें, पण वाट थट्टेची नाहीं. आरंभींचा धक्का तोफेंतून उडाल्यासारखा बसेल, म्हणून प्रवाशाला गुंगीचें औषध देऊन निजवितात. श्वास कोंडूं नये म्हणून नाकाशीं ओले स्पंज धरतात. आणि पृथ्वीची व चंद्राची ओढ जेथें सारखी होते तेथून देह आपसुक पुढें जातो. न्यूटनचा ग्रंथ निघायला अद्याप १६८७ साल उजाडावयाचें होतें.

परंतु पुस्तकाचा गाभा याच्याहि पुढें आहे. चंद्र आपली एकच बाजू सदैव पृथ्वीकडे ठेवतो, ही गोष्ट गुराख्यालाहि ठाऊक. या एका गोष्टींतून केप्लरनें दोन देश काढले. अलीकडच्या देशांत पृथ्वी आकाशांत एकाच जागीं, खिळा मारून टांगल्यासारखी दिसते. आपल्याला चंद्र दिसतो त्याच्या जवळजवळ चौपट व्यासाची. ती उगवत नाहीं, मावळत नाहीं, चंद्राप्रमाणें कलेकलेनें वाढते व घटते. जागच्या जागीं ती फिरत असते, म्हणून तिचें तेथलें नांव 'व्होल्व्हा', म्हणजे फिरणारी. तिच्यावरील डाग पाहून लोक वेळ मोजतात. पलीकडच्या देशाला तिचें दर्शन जन्मांत घडत नाहीं. दिवस आपल्या पंधरवड्याएवढा आणि रात्रहि तेवढीच. त्या रात्रीं अलीकडच्यांना व्होल्व्हेचा उजेड असतो, पलीकडच्यांच्या वांट्याला काळोख आणि हिंव.

अशा ठिकाणीं जीव कसे राहतील? केप्लर म्हणतो, प्रचंड देहाचे, झपाट्यानें वाढणारे, अल्पायुषी. त्यांना घरदार नाहीं. पाणी मागें हटेल तसे ते टोळ्यांनीं, कोणी पायीं, कोणी पंखांवर, कोणी होड्यांतून त्याच्या मागोमाग जातात, आणि दुपारच्या तापांत गुहा किंवा पाण्याचा तळ गांठतात. येथें तो चुकला. हवा आणि वाहतें पाणी त्यानें गृहीत धरलें होतें. 'चांद्रयान-१' च्या निरीक्षणांवरून चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याचे अंश असल्याचें २००९ सालीं जाहीर झालें खरें, पण तो कांहीं केप्लरचा समुद्र नव्हे. त्याच्या भूमितीला मात्र बाध आलेला नाहीं.

आणि भूमितींतच त्याचा डाव होता. चंद्रावरील लोकांना आपली भूमि स्थिर व बाकीचें आकाश फिरतें वाटतें. वाचक त्यांच्या भोळेपणाला हंसतो. मग आपल्या पायांखालच्या पृथ्वीबद्दल तो काय म्हणणार?

मात्र गणिताबाहेरची एक गोष्ट अंगाशीं आली. १६११ सालीं हस्तलिखिताची एक प्रत प्रागबाहेर गेली; ट्यूबिंगेनमध्यें न्हाव्यांच्या दुकानांतून तिची कुजबुज झाली, असें केप्लर स्वतःच लिहितो. भुतें बोलावणारी आई! त्याची खरी आई काथारीना हिलाहि औषधी वनस्पतींचा नाद होता. १६१५ सालीं एका शेजारणीनें तिच्यावर चेटकाचा आरोप केला. मूळ कारण गांवांतलें वैर होतें, असा इतिहासकारांचा कल आहे. केप्लरच्या मनाला मात्र आपल्या पुस्तकाचा कांटा सलत राहिला. ऑगस्ट १६२० मध्यें सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईला अटक झाली. चौदा महिने ती कैदेंत होती. केप्लर लिंझ सोडून धांवला आणि बचावाचें काम त्यानें अंगावर घेतलें. ज्या दुखण्यांना लोक चेटूक म्हणत होते त्यांना स्वाभाविक कारणें आहेत, असें तो मुद्द्यांमागून मुद्दे मांडून दाखवीत गेला. १६२१ च्या सप्टेंबरांत तिला यातनांचीं हत्यारें दाखविलीं. तिनें कबुली दिली नाहीं. ती सुटली, आणि १६२२ च्या एप्रिलमध्यें वारली.

त्यानंतर केप्लर पुन्हां 'स्वप्ना'कडे वळला. अंतरें, सावल्या, ग्रहणें, फिओल्क्सहिल्डेचें नांव एका जुन्या नकाशावरून घेतल्याचा खुलासा, अशा २२३ टीपा त्यानें जोडल्या. मूळ कथेहून त्याच कितीतरी मोठ्या आहेत. छपाई सुरू असतांनाच नोव्हेंबर १६३० मध्यें रेगेन्सबुर्ग येथें त्याला मृत्यु आला. जांवई याकोब बार्ट्‌श यानें काम हातीं घेतलें, तोहि १६३३ त गेला. शेवटीं १६३४ सालीं मुलगा लुडविग यानें तें पुस्तक प्रसिद्ध केलें.