मांड आणि पेहराव

काशीस बदली होऊन आलेल्या मराठी गृहस्थाच्या घरी पाहुण्यांचा तोटा कधीच नसतो. देशावरून, कोकणातून, वऱ्हाडातून आप्तेष्ट येतात. विश्वेश्वराचे दर्शन, पंचगंगेचे स्नान आणि पितरांचे श्राद्ध उरकले की तिसऱ्या दिवशी त्यांस ‘आपले’ काही दाखवावे, अशी यजमानास ओढ लागते. मग नावेतून खचलेला शिंदे घाट दाखविला जातो. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप दाखविला जातो. शेवटी अस्सीजवळच्या भदैनीत झाशीच्या राणीच्या जन्मस्थानी पाहुण्यांस नेऊन पोहोचविले की यजमानाचे कर्तव्य संपते. आम्हीही हे कर्तव्य पुष्कळ वेळा केले आहे. परंतु या तीन स्थळांस जोडणारा एक धागा आमच्या ध्यानात फार उशिरा आला. मंडप बैजाबाई शिंद्यांनी १८२८ साली बांधविला; घाटही १८३० च्या सुमारास त्यांच्याच द्रव्याने उभा राहिला आणि आपल्याच भाराने खचला. भदैनी ही मोरोपंत तांब्यांच्या मनूची. म्हणजे काशीतील ही मराठी स्मारके दोन स्त्रियांची आहेत, आणि या दोघीही नामांकित घोडेस्वार होत्या.

त्या घोड्यावर बसत कशा, आणि बसताना नेसत काय, हा प्रश्न काहींस पोरकट वाटेल. राज्ये गेली, लढाया झाल्या. तेथे लुगड्याची आणि खोगिराची चौकशी कशाला? आमचे म्हणणे असे की, ज्याने घोड्यावर किंवा अन्य वाहनावर जीव सोपविला त्याला हा प्रश्न पोरकट वाटत नाही. आपल्या भाषेत स्वाराच्या बैठकीला ‘मांड’ म्हणतात. मांड पक्की तर स्वार पक्का. ही मांड तीन गोष्टींवर ठरते: खाली खोगीर कोणते, अंगावर वस्त्र कोणते आणि पुढे वाट कोणती.

मराठी स्वाराचा सरंजाम मुळात आटोपशीर. खोगीर, तंग, लगाम, रिकीब, घोड्याच्या दाण्याचा तोबरा. अंगात बंडी, पायांत चुस्त सुरवार, डोक्यास पागोटे, कमरेस शेला. डोंगरी मुलखात लांबची मजल मारून, गनिमाची रसद तोडून परत फिरावयाचे, तर जडपणा परवडणार कसा? त्यातही दोन जाती होत्या. बारगिरास घोडा सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारे घेऊन चाकरीस येई. सरकारी सरंजामावर गुजराण करणाऱ्या आम्हां नोकरदारांस बारगिराचे दुःख चटकन समजते: मिळेल ते खोगीर आपल्या अंगास बसवून घ्यावयाचे. शिलेदारास मात्र आवडनिवड होती आणि तिची किंमतही तोच मोजी. घोडा पडला तर नुकसान त्याचे.

या पार्श्वभूमीवर १८३५ सालचा एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. दौलतराव शिंदे १८२७ साली निवर्तल्यावर बैजाबाईंनी सहा वर्षे ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. १८३३ साली त्यांस राज्याबाहेर पडावे लागले, आणि पुढे त्यांची छावणी गंगाकाठी फतेगडास होती. तेथे फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई त्यांस भेटावयास जाऊ लागली. तिचा नवरा अलाहाबादेस कंपनीच्या जकात खात्यात अधिकारी होता. म्हणजे तीही आपल्यासारखीच बदलीच्या गावी राहणारी. तिने १८५० साली आपला प्रवास दोन खंडांत छापला, आणि त्यात या छावणीची हकीकत मोठ्या आवडीने लिहिली आहे.

छावणीतील मराठी बायका पुरुषांप्रमाणे दोन्ही बाजूंस पाय टाकून घोडा फेकीत. बाईसाहेबांची नात गजराराजा हीही उत्तम स्वार होती. इंग्रज स्त्रिया मात्र दोन्ही पाय एकाच अंगास सोडून बसतात, याचे त्या मंडळीस नवल वाटले. असे तिरपे बसून तोल राहतो कसा? पार्क्सबाईने आपल्या रीतीने बसून दाखविले. परंतु तिचे कुतूहल तेवढ्याने शमेना. तिने मराठी पेहराव केला, बैजाबाईंच्या घोड्यावर मांड टाकली आणि फेरफटका केला. नंतर तिने लिहिले त्याचा आशय असा की, ही बैठक आपल्या बैठकीहून सुखाची आहे, आणि इंग्रज बायकांची जुनी रीत बदलण्याचे खापर तिने थेट एलिझाबेथ राणीच्या माथी फोडले.

एलिझाबेथेवर हा आरोप सर्वस्वी न्याय्य नाही. एकांगी खोगिराची चाल इंग्लंडात आणण्याचे श्रेय वा अपश्रेय सामान्यतः चौदाव्या शतकातील बोहेमियाच्या ॲन राणीस देतात. सभ्य स्त्रीने पाय फाकून बसू नये, आणि तिच्या पायघोळ झग्यात तसे बसताही येऊ नये, अशी ती दुहेरी व्यवस्था होती. त्या खोगिरास वर एक शिंग असे. उजवा पाय त्याला अडकवावयाचा. डावी मांडी खाली दाबून धरणारे दुसरे शिंग निघाले ते १८३० च्या सुमारास. तोवर घोड्याने उडी घेतली की स्वारिणीचा भार दैवावर. उजव्या अंगास पाय नाही, म्हणून त्या बाजूची इशारत घोड्यास छडीने द्यावयाची. इतका खटाटोप कशासाठी? तर वस्त्र आधी ठरले होते आणि खोगीर मागाहून त्याच्या मापाने करावे लागले.

मराठी स्त्रीस हा खटाटोप पडला नाही, याचे कारण तिचे लुगडे. नऊवारी लुगड्याचा कासोटा मागे घट्ट खोचला की तेच वस्त्र खाली तुमानीचे काम करते आणि वर स्त्रीवेषाची मर्यादाही सांभाळते. पार्क्सबाईच्या चाणाक्ष नजरेने नेमके हेच टिपले होते. शेतात वाकावयास, दळणकांडणास, गड चढावयास जे वस्त्र चालत होते तेच घोड्यावरही चालले. स्वारीसाठी निराळा पोशाख शिवावा लागला नाही. कुणा शास्त्रकाराने किंवा शिंप्याने हे ठरविलेले नव्हते. कामाने ठरविले.

आता दुसऱ्या स्वारिणीकडे वळू. राज्य गेल्यानंतर दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजीआप्पा काशीस येऊन राहिले. त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते. आप्पांच्या पश्चात तांब्यांचे बिऱ्हाड ब्रह्मावर्तास गेले आणि मनूचे बालपण पेशव्यांच्या वाड्यात गेले. १८४२ साली ती झाशीच्या गंगाधररावांची राणी झाली, १८५३ साली विधवा झाली आणि पुढल्याच वर्षी संस्थान खालसा झाले. १८५४ साली जॉन लँग नावाचा वकील तिच्या भेटीस गेला. पडदा क्षणभर सरला तेव्हा त्यास दिसली ती साध्या पांढऱ्या मलमलीतील, कानांतील सोन्यावाचून दागिना नसलेली स्त्री.

याहून भरघोस साक्ष आपल्या विष्णुभट गोडशांची. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली घरातून निघाला तो बैजाबाईंच्याच यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने. आणि दैवाने त्यास नेऊन बसविले वेढ्यातल्या झाशीत. त्याचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली संस्कार करून छापला; मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. हे पुस्तक घटनांनंतर बऱ्याच वर्षांनी स्मृतीवरून लिहिलेले आहे, हे विसरून चालत नाही. पण कपड्यालत्त्याच्या बाबतीत भटजींची नजर बारीक आहे. ते सांगतात की बाईसाहेब पहाटे मल्लखांबापाशी कसरत करीत, मग घोडा मंडळावर धरीत. दरबारात येताना कधी त्यांच्या अंगावर पायजमा, जांभळी बंडी, डोक्यास टोपी व वर पागोटे, कमरेस दुपेटा आणि तलवार असे. कधी शुभ्र पातळ आणि चोळी असे.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. कासोट्याचे लुगडे स्वारीस पुरते, हे आम्ही वर सांगितले. मग राणीने पायजमा का पसंत केला? आम्हांस त्याची दोन कारणे दिसतात. एक, तलवार, जंबिया आणि दुपेटा बांधून लढाईत उतरणाऱ्या स्वारास कमरेला पट्टा आणि छातीस बंडी लागते. पदर तेथे आडवा येतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. ज्या दरबाराने आणि फौजेने तिचा हुकूम मानावयाचा, त्यांना सवय पुरुष धन्याची होती. पागोटे हे तेथे वस्त्र नव्हते. ते अधिकारपत्र होते. उलट पांढरे पातळ नेसून ती बसे तेव्हा ती गंगाधररावांची विधवा आणि दत्तक पुत्राची माता म्हणून बसे, आणि तिचा राज्यावरचा दावा नेमका त्याच नात्यावर उभा होता. दोन्ही पेहराव तिचेच, प्रसंग निरनिराळे.

१८५८ च्या एप्रिलात झाशी पडली. रात्री मुलाला पाठीशी बांधून ती किल्ल्याबाहेर पडली आणि काळपीपर्यंतची सुमारे शंभर मैलांची मजल तिने एका दिवसरात्रीत मारली, असे सांगतात. पुढे काळपीच्या परिसरात एका विहिरीवर भटजींची आणि तिची गाठ पडली. पठाणी वेष, सर्वांग धुळीने माखलेले, तहानेने जीव व्याकूळ. भटजी पाणी शेंदू लागले तेव्हा, आपण विद्वान ब्राह्मण, आपण माझ्यासाठी पाणी काढू नये, असे म्हणून तिने दोर स्वतःच्या हाती घेतला. पठाणी वेषाच्या आत काशीत जन्मलेली कऱ्हाड्यांची मुलगी शाबूत होती. वेष पालटला होता, रीत पालटली नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ ती पडली तीही घोडेस्वाराच्याच पोशाखात, असे इंग्रज अधिकाऱ्यांचे वृत्तान्त सांगतात.

आपल्याकडे मात्र तिच्या चित्रावरून वाद होतात. एक पक्ष म्हणतो, राणी नऊवारीतच दाखवावी. पायजम्यात ती ‘आपली’ वाटत नाही. दुसरा म्हणतो, लुगड्यातली स्वारिणी ही चित्रकाराची कल्पना. खरी राणी पुरुषवेषातली. आम्हांस दोन्ही पक्ष सारखेच एकांगी, त्या जुन्या इंग्रजी खोगिरासारखे, वाटतात. पहिला पक्ष तिच्या निवडीचा अधिकार काढून घेतो. दुसरा पक्ष लुगड्यातून घोडा फेकता येत नाही असे गृहीत धरून बैजाबाईंच्या छावणीतल्या साऱ्या स्त्रियांस घोड्यावरून खाली उतरवितो. राणीची थोरवी एका वस्त्रात नाही. वाट पाहून वस्त्र ठरविण्याचे धैर्य तिला होते, आणि तिच्या काळच्या विधवेस ते धैर्य किती महाग पडत असेल याचा विचार वाचकांनीच करावा.

हे धैर्य परदेशातही स्वस्त नव्हते. इसाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासिनी १८७३ साली हवाई बेटांत पोहोचली. एकांगी खोगिरावर तिची पाठ दुखे. तेथल्या बायका दोन्हीकडे पाय टाकून बसतात हे पाहून तिनेही तसा पोशाख केला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील रॉकी पर्वतांत बर्फाच्या वाटा घोड्यावरून तुडविल्या. पण गाव जवळ आले की ती पुन्हा एका अंगास बसे. आणि तिने पुरुषी वेष केला असे एका वृत्तपत्राने छापले तेव्हा ती संतापली. डोंगरात एक मांड आणि गावात दुसरी. चढाव तिला कमी छळत होता, माणसांच्या नजरा अधिक.

घोडे गेले, सायकली आल्या; वाद तेच राहिले. हल्ली डोंगरवाटांवर सायकल हाकणाऱ्या तरुणांची मंडळे निघाली आहेत. त्यांत कोणी हनुवटी झाकणारे शिरस्त्राण आणि गुडघ्यांस कवचे घालून भरधाव उतरतात, तर कोणी अंगास चिकटणारे हलके कपडे घालून दिवसभर चढ चढतात. आणि दोघे एकमेकांस हसतात. त्यांस आम्ही फतेगडची ती गोष्ट सांगू. हसण्यापूर्वी पार्क्सबाईने दुसऱ्याच्या खोगिरावर बसून पाहिले, आणि बसल्यावर तिचे मत बदलले.

परप्रांती राहणाऱ्या आपणां मंडळीस तर ही गोष्ट नित्याची आहे. कचेरीत एक पेहराव, गणेशोत्सवात दुसरा; मुले घरात एक भाषा बोलतात आणि गल्लीत दुसरी. त्यात काही गमावले, अशी हुरहूर आपल्या मनात असते, आणि देशावरून आलेले पाहुणे ती आणखी वाढवून जातात. यापुढे भदैनीस गेल्यावर आम्ही त्यांस त्या विहिरीची हकीकत सांगणार आहोत. अंगावर पठाणाचा वेष होता. पण दोर कोणी ओढावा हे ठरविताना ती क्षणभरही अडखळली नाही.