सतरावा गट

मराठी माणूस एका मंडळात मावत नाही. मीच सोसायटी, वाचनालय, भिशी, भजनी मंडळ आणि (सौ.च्या आग्रहाखातर) पहाटे हसणाऱ्यांचा क्लब, अशा पाच ठिकाणी आहे. पण पोटापाण्यासाठी मी कॉम्प्युटर सांभाळतो, आणि तिथे माणसाने किती गटांत असावे हे यंत्र ठरवते!

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्सचा जन्म झाला. सुरुवातीला माणूस एका वेळी एकाच गटाचा. दुसऱ्या गटाची फाईल हवी, तर 'न्यूग्रुप' अशी आज्ञा देऊन रीतसर पक्षांतर करायचे! १९८३ साली बर्कले विद्यापीठाच्या ४.२ बीएसडीने एकदम अनेक गटांत बसायची सोय केली. मात्र खुर्च्या मोजून.

पुढे सन कंपनीची एनएफएस आली. शेजारच्या यंत्रातली फाईल घरच्यासारखी वापरायची. ती ज्या नियमांवर चालते त्यांत १९८८ साली लिहिले गेले : निरोपासोबत गट फार तर १६. सतराव्याचे काय? तो वाटेतच मुकाट्याने गळायचा.

आमच्या ऑफिसातल्या एका बाईंना हिशेबाचा गट नेमका सतरावा मिळाला. यादीत नाव आहे, सही-शिक्का आहे, पण फाईल म्हणते, "परवानगी नाही." साहेब डाफरले ते बाईंवर. "तुम्हीच काहीतरी दाबलं असेल!" आठ दिवस त्या बिचाऱ्या चोरासारख्या वावरत होत्या.

लिनक्समध्ये हा आकडा ३२ होता. तो वाढवायचा तर कर्नलमध्ये बदला, सी लायब्ररीत बदला, दोन्ही पुन्हा कंपाईल करा. तरीही जुन्या प्रोग्रॅमांच्या पोटात ३२ च! अखेर २००४ साली कर्नल २.६.४ ने तो एकदम ६५,५३६ केला. इतके गट जमवायला माणसाला सात जन्म पुरायचे नाहीत. एनएफएसच्या निरोपातले १६ मात्र २००९ च्या सुधारित नियमांतही तसेच राहिले. त्यावर तोड अशी, की निरोपातली यादी बाजूला ठेवून सर्व्हरने स्वतःच वही उघडून माणसाचे गट पाहायचे.

मर्यादेबद्दल माझी तक्रार नाही. खुर्च्या कुठेतरी संपणारच. पण अहो, थिएटरवालासुद्धा 'हाऊसफुल्ल'ची पाटी लावतो. तिकीट काढलेल्या माणसाला अंधारात उभे करून त्यालाच चोर म्हणत नाही!