कारागीर जवान श्री. मुरलीकांत पेटकर

लोणंद हे माऊलींच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव म्हणून सर्वश्रुत आहे. नीरा नदी ओलांडून पालखी सातारा जिल्ह्यात येते व लोणंद येथे विसावते. हा जिल्हा जसा वारकऱ्यांचा, तसाच तो सैनिकांचाही. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावच्या ४६ जवानांनी प्राण वेचले. पुढे ते गाव 'अपशिंगे मिलिटरी' याच नावाने ओळखले जाऊ लागले. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी देवाच्या नावाबरोबर अशा माणसांचेही स्मरण होणे उचित होय.

श्री. मुरलीकांत राजाराम पेटकर यांचा जन्म पेठ-इस्लामपूरचा. हा वाळवा तालुका त्या वेळी सातारा जिल्ह्यातच मोडत असे. सन १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणजे जुन्या दप्तराप्रमाणे पेटकर हे सातारा जिल्ह्याचेच सुपुत्र ठरतात.

लहान वयातच ते सैन्यात दाखल झाले. त्यांचे दल ई.एम.ई. तोफा, वाहने व यंत्रे दुरुस्त करून पुन्हा कामास उभी करणे हे या दलाचे कर्तव्य. हुद्द्याने ते क्राफ्ट्समन, अर्थात कारागीर. मुष्टियुद्धातही त्यांनी सैन्यात नाव मिळविले.

१९६५ च्या पाकिस्तान युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतली व कमरेखालील शरीर निकामी झाले. यंत्रे उभी करणारा कारागीर स्वतः मात्र पायांवर उभा राहू शकेना. परंतु उपचाराचा भाग म्हणून सुरू केलेले पोहणे हेच पुढे त्यांचे सामर्थ्य झाले.

इंग्लंडमधील स्टोक मँडेविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ साली जखमी सैनिकांसाठी खेळांच्या स्पर्धा सुरू केल्या. त्यातूनच पॅरालिंपिक स्पर्धा उदयास आल्या. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पेटकरांनी ५० मीटर पोहण्याचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापून जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. ऑलिंपिकमध्ये भारतास वैयक्तिक सुवर्ण मिळण्यास त्यानंतर ३६ वर्षे लागली.

पदक मिळाले तरी चूल पेटतेच असे नाही. पेटकरांनी पुण्यात टेल्को कारखान्यात नोकरी धरली, प्रपंच केला, मुलांना वाढविले. त्यांचे नाव मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेले. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला तो २०२४ साली. अर्जुन पुरस्कार हाती पडला तो जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे पदकानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने. ते दीर्घायुषी, म्हणून हा सन्मान पाहू शकले. सर्वांच्याच नशिबी असे नसते.

आपल्याही गावोगावी पेन्शनीत आलेले माजी सैनिक, सुतार, लोहार, गवंडी, पाथरवट आहेत. जीर्णोद्धाराच्या पाटीवर देणगीदारांची नावे कोरली जातात. तशीच दगड घडविणाऱ्यांची व सीमेवर उभे राहिलेल्यांचीही नावे गावच्या वहीत वेळीच लिहिली जावीत. माणूस डोळ्यांसमोर असताना केलेली नोंदच खरी. कारागीर जवान पेटकर यांच्या जिद्दीस विनम्र अभिवादन.