पाटी नंतर लागली : मोठ्यांचे गेम आणि लहान मुलं

पालक एक प्रश्न नेहमी विचारतात. गेमवर 'सतरा वर्षांवरील' असं स्पष्ट छापलेलं असतं, तरी दहा-अकरा वर्षांच्या मुलाला नेमका तोच का हवा असतो? याचं एक उत्तर इतिहासात सापडतं. त्यासाठी आपण १९९३ सालच्या अमेरिकेत जाऊ.

'मॉर्टल कॉम्बॅट' हा मारामारीचा गेम १९९२ मध्ये आर्केडमध्ये आला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर. आता ही जागा लक्षात घ्या. यंत्र कुणाचं वय विचारत नाही. मोठा मुलगा खेळतोय आणि लहान त्याच्या मागे उभा राहून बघतोय, हे तिथलं नेहमीचं दृश्य. लढत जिंकल्यावर प्रतिस्पर्ध्याला भयानक रीतीने संपवायची एक चाल होती, 'फेटॅलिटी'. त्यासाठी कोणती बटणं दाबायची, हे पडद्यावर येत नसे. ज्याला माहीत, त्याचा भाव वर. लहान मुलाला रक्त दिसत होतंच, पण त्याहून जास्त दिसत होतं ते मोठ्या पोरांकडचं गुपित.

१३ सप्टेंबर १९९३ ला हा गेम घरच्या कन्सोलवर आला. निन्टेंडोने रक्त काढून घाम दाखवला. सेगाने रक्त ठेवलं, पण कुलपात. ए, बी, ए, सी, ए, बी, बी अशी बटणं दाबली की कुलूप उघडायचं. वर 'तेरा वर्षांवरील' अशी सूचनाही होती. झालं काय? सेगाची आवृत्ती जास्त खपली. म्हणजे रक्ताचं आकर्षण नव्हतंच, असं मी म्हणत नाही. पण कुलूप आणि किल्ली दोन्ही मुलांच्या हातात दिल्यावर ती किल्ली कानोकानी फिरणारच. आपल्याकडे ज्यांनी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून 'व्हाइस सिटी' खेळली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. चीट कोड तोंडपाठ, पाढे मात्र कच्चे!

मग गाजावाजा झाला. ९ डिसेंबर १९९३ ला सिनेटर जोसेफ लीबरमन आणि हर्ब कोल यांच्या पुढाकाराने सुनावणी झाली. उद्योगाला सांगण्यात आलं, तुम्ही नियम करा, नाहीतर सरकार करेल. त्यातून १९९४ मध्ये ईएसआरबी हे मंडळ आलं आणि त्याची वयाची वर्गवारी आली. त्यातला 'एम' म्हणजे सतरा वर्षांवरील. इथे क्रम बघा. मुलं आधीपासून आत होती, दारावर पाटी नंतर लागली.

आणि पाटी लागल्यावर आतून बोलावणं थांबलं का? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २००० मध्ये अहवाल दिला. हिंसेमुळे 'एम' ठरलेले ११८ गेम त्यांनी तपासले. त्यातल्या ८३ गेमची जाहिरात सतरा वर्षांखालच्या मुलांकडे रोखलेली होती. शंभरातले सत्तर! शिवाय तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना एकटं दुकानात पाठवून पाहिलं, तर बहुतेकांना असा गेम सहज विकत मिळाला. म्हणजे डब्यावर 'येऊ नका' आणि जाहिरातीत 'या, या'.

तर मंडळी, मूल त्या गेमकडे जातं त्यामागे तीन गोष्टी दिसतात. मोठ्यांच्या घोळक्यात जागा मिळवायची असते, गुपित आपल्यालाही कळावं असं वाटतं, आणि विकणारा हाक मारत असतो. यातली एकही गोष्ट मुलाच्या मनातली विकृती नाही. पहिल्या दोन तर मोठं होण्याच्याच खुणा आहेत.

म्हणून घरी असा गेम दिसला, तर डोळे मिटून घ्या असं मी सांगणार नाही. पण हिसकावून घेण्याआधी दोन प्रश्न जरूर विचारा. हा तुला कुणी दाखवला? आणि तो खेळलास की तुला कुणात घेतात? कारण गेम काढून घेता येतो, पण ती जागा रिकामी राहिली, तर मूल ती भरायला दुसरीकडे जाईल. आणि तिथे कदाचित पाटीसुद्धा नसेल.