श्रीवर्धनच्या वहींतील एक नोंद व वर्तमानपत्रांच्या फायली

श्रीवर्धन येथील एका घरीं मोडी कागद पाहत असतां जमाखर्चाच्या वहीच्या शेवटल्या पानावर आम्हांस एक त्रोटक नोंद आढळली. दिव्याच्या अवसेच्या सुमारास रामदास बोट बुडाली, घरचे थोरले तींत गेले, एवढाच तिचा आशय. साल नाहीं, वार नाहीं. मृतांच्या छापील यादींत त्यांचें नांव आलें होतें कीं काय, हें घरच्या मंडळींस जाणावयाचें होतें. पोथ्यांचे पाठभेद जुळविण्यांत हयात गेलेल्या आम्हांस हें काम दोन घटकांचें वाटलें. त्यास दोन पावसाळे लागले.

बोट बुडाली ती गुरुवार, ता. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं. मुंबईहून रेवसकडे जातां काश्याच्या खडकानजीक ती उलटली व ६०० हून अधिक माणसें गेलीं. पावसाळ्यांत खालच्या बंदरांची बोट बंद असे. तेव्हां आमच्याकडील उतारूस रेवसास उतरून खुष्कीनें यावें लागे. शके १८६९ मध्यें श्रावण अधिक होता, म्हणून ‘श्रावणाच्या आदल्या दिवशीं’ असें स्मरणानें सांगणारा महिन्यानें चुकूं शकतो. सकाळच्या दैनिकांत मात्र वृत्त दुसऱ्या दिवशींचें. रचनाकाल व लेखनकाल यांतील भेद पोथीच्या बाबतींत आपण कसोशीनें पाळतों. वर्तमानपत्र हातीं येतांच तो विसरतों.

कोणतें पत्र मागावें, हेंही आधीं ठरवावें लागतें. एका सद्गृहस्थांनीं ‘लोकसत्ता’ पाहण्यास सुचविलें. तें तर जानेवारी १९४८ मध्यें निघालें. ‘नवाकाळ’ १९२३ पासूनचा. अशा चौकशीस शं. ग. दाते, दि. वि. काळे व शं. ना. बर्वे यांची १९६९ सालीं निघालेली नियतकालिकांची सूची प्रथम उघडावी. शिवाय श्रीवर्धन १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानांत असल्यामुळें येथील मजकूर केवळ ‘कुलाबा’ या मथळ्याखालीं शोधून भागत नाहीं. जंजिरा, मुरूड, जुन्या पत्रांत हबसाण, हींही नांवें पाहावीं.

एका ग्रंथसंग्रहालयांत फाईल मिळाली. पुठ्ठ्यावर ‘जुलै ते डिसेंबर, पूर्ण’ अशी चिठी. आंत १७ तारखेनंतरचीं पानें पात्यानें कापून नेलेलीं. शिवणींत बोटभर कडा तेवढ्या राहिल्या होत्या. तेव्हांपासून आम्ही चिठीवर विश्वासत नाहीं, अंकाचा अनुक्रमांक मोजतों. सुटीमुळें अंक निघालाच नाहीं कीं निघून गहाळ झाला, हें तारखेवरून कळत नाहीं, क्रमांकावरून कळतें.

दुसऱ्या ठिकाणीं दुसऱ्या पत्राचे अंक होते. नांवें तुकड्यातुकड्यांनीं आलेलीं, एकच नांव दोन तऱ्हांनीं छापलेलें. आम्हांस हवें तें दिसलें नाहीं; परंतु चार क्रमांक गहाळ होते. यास्तव ‘यादींत नांव नाहीं’ असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. असें विधान करून मोकळे झालेले लेख आम्हीं पुष्कळ वाचले आहेत, आणि खरें सांगावयाचें तर तरुणपणीं एकदोन लिहिलेही आहेत.

मोडी कागद जपणारी मंडळी वर्तमानपत्रांस रद्दी समजतात. वस्तुतः पेशवाईंतला जुन्नरी कागद अजून दुमडतां येतो. लाकडाच्या लगद्याचा १९४७ चा कागद मात्र खाऱ्या हवेनें पिवळा पडून घडीवर तुटतो. ता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत आमचें छप्पर उडालें, तेव्हां भिजलेले दस्त सावलींत वाळवून वांचले. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याचा गोळा झाला.

ज्या संग्राहकांपाशीं १८ जुलै १९४७ पासून महिनाअखेरपर्यंतचे कोणत्याही मराठी दैनिकाचे अंक, फाटके कां होईना, असतील, त्यांनीं मृतांच्या व वांचलेल्यांच्या यादीची नक्कल अंकाच्या क्रमांकासह मंडळाकडे धाडावी. वहींतील नोंदीपुढें तूर्त आम्हीं पेन्सिलीनें तारीख तेवढी घातली आहे.