नकारातून ओळखला गेलेला आजार : डॅनन विकाराचा नामेतिहास

रोगाचे नाव हीदेखील एक संहिताच असते. नाव देणाऱ्या काळाचे ज्ञान तिच्यात उमटते, तशी त्या ज्ञानाची मर्यादाही उमटते. डॅनन विकाराचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे.

१९३२ मध्ये डच विकृतिशास्त्रज्ञ पॉम्पे यांनी हृदय अतोनात वाढून दगावलेल्या एका अर्भकाची नोंद केली. त्याच्या स्नायूंत ग्लायकोजेन साठले होते. त्याचे कारण अ‍ॅसिड माल्टेज या विकराचा अभाव होय, हे एर्स यांनी १९६३ मध्ये दाखविले. पुढे १९८१ मध्ये डॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा वर्षांच्या दोन मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्यात हृदयस्नायूचा विकार, अंगातील स्नायूंची दुर्बलता आणि बौद्धिक अक्षमता एकत्र आढळली. स्नायूंचे चित्र पॉम्पे रोगासारखे होते. विकर मात्र शाबूत होते. त्यामुळे लेखाच्या शीर्षकातच 'अ‍ॅसिड माल्टेज प्राकृत असलेला' असे विशेषण आले. आजाराची ओळख तो काय नाही यावरून झाली.

२००० मध्ये निशिनो आणि सहकाऱ्यांनी एक्स गुणसूत्रावरील लॅम्प-२ या जनुकातील दोष दाखवून दिला. हे जनुक घडविते ते विकर नव्हे, तर पेशीतील लायसोसोमच्या आवरणातील प्रथिन. ते नसल्यास पेशीतील टाकाऊ द्रव्याचा निचरा अडतो. ग्लायकोजेन प्रत्येक रुग्णात वाढलेले असतेच असे नाही. म्हणजे जुने वर्गनामही अपुरे ठरले.

नावाचा प्रश्न येथे केवळ भाषिक राहत नाही. भारतात १९९५ च्या कायद्यातील 'मेंटल रिटार्डेशन' ही संज्ञा २०१६ च्या कायद्यात 'इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी' झाली. हा बदल स्वागतार्ह होय. परंतु मराठीतील 'मतिमंद' काय किंवा ही नवी संज्ञा काय, तिलाच अंतिम स्पष्टीकरण मानले, की पुढील वाचन थांबते. या विकारात मुलांची बौद्धिक अक्षमता बहुधा सौम्य असते. त्यांचे आयुष्य बेततो तो हृदयविकार. आईतही तोच जनुकदोष असू शकतो. तिची बुद्धी सहसा अबाधित असते, पण हृदय उशिरा का होईना दुखावते. मुलाच्या शाळेतील अपयश आणि आईची धाप या दोन वेगळ्या कथा वाटतात. त्या एकाच संहितेच्या आहेत, हे वेळीच ओळखणे म्हणजे दोन जीव वाचविण्याची शक्यता होय.